डोंगरची झाडी आणि डोंगरचा संसार

मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या आगगाडीनें श्रावणांत खंडाळ्याचा घाट चढावा आणि तोच घाट पुन्हां चैत्रांत चढावा, म्हणजे एकाच डोंगराचीं दोन रूपें दृष्टीस पडतात. श्रावणांत कड्याकड्यांवरून पाणी कोसळत असतें. उभ्या भिंतीसारख्या खडकालाही हिरवळ फुटलेली असते. चैत्रांत त्याच उतारांवर वाळलेलें गवत, मधूनमधून वणव्याचे काळे पट्टे, आणि फांद्या छाटलेलीं, खांबांसारखीं उभीं राहिलेलीं झाडें दिसतात. खिडकींत बसलेला शहरी प्रवासी हळहळतो आणि बहुधा एकच निष्कर्ष काढतो : डोंगरांतल्या लोकांनीं डोंगर तोडून खाल्ला. हा निष्कर्ष सोपा आहे, आणि कांहीं अंशीं खराही आहे. परंतु तो अपुरा आहे, व अपुऱ्या निदानावर केलेला उपाय रोग्यास बाधतो. ज्या डोंगरावर माणसें शेंकडों वर्षें लांकूड, पाला, गवत, फळें आणि कंद घेऊन जगलीं, तेथें झाडी इतका काळ टिकली कशी, आणि गेल्या दीडशें वर्षांत ती इतकी खालावली कां, ह्या प्रश्नाचें उत्तर त्या निष्कर्षांत सांपडत नाहीं.

प्रथम डोंगराची प्रकृति लक्षांत घेतली पाहिजे. सह्याद्रीची रांग तापीच्या दक्षिणेपासून देशाच्या टोंकापर्यंत सुमारें १,००० मैल पसरली आहे. महाराष्ट्रांतील तिचीं शिखरें हिमालयाच्या मानानें ठेंगणीं. सर्वांत उंच जें कळसूबाई, तें ५,४०० फुटांच्या आसपास. तथापि वनस्पतींच्या दृष्टीनें हा डोंगर मोठा कठीण आहे. घाटमाथ्यावर महाबळेश्वरासारख्या ठिकाणीं वर्षाला २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो, पण तो बहुतेक सारा चार महिन्यांतच; उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे. म्हणजे तेथील झाडाला दरवर्षीं एकदां महापूर व एकदां अवर्षण सोसावें लागतें. काळ्या पाषाणावर किंवा जांभ्यावर मातीचा थर पुष्कळ ठिकाणीं वीतभरच असतो. झाडी मातीला धरून ठेवते आणि माती झाडीला. एकीचा हात सुटला कीं दुसरीचाही सुटतो.

महाबळेश्वर किंवा भीमाशंकर येथील अंजन, जांभूळ, पिसा ह्यांचें सदाहरित रान विरळ झालें, तर ऊन जमिनीपर्यंत पोंचतें आणि सावलींत वाढणारीं कोंवळीं रोपें करपून जातात. त्यांच्या जागीं करवंद, तोरण, गेळा अशीं काटेरी झुडपें येतात. झुडपेंही सरपणाला गेलीं कीं गवत उरतें, आणि गवतही दरवर्षीं जळूं लागलें कीं पावसाबरोबर माती वाहून जाऊन अखेर खडक उघडा पडतो. ह्या पायऱ्या उतरावयास एक-दोन पिढ्या पुरतात; चढावयास मात्र त्याहून किती तरी अधिक काळ लागतो. शिवाय सह्याद्रींतील कित्येक वनस्पति जगाच्या पाठीवर दुसऱ्या कोठेंही आढळत नाहींत. त्यांतल्या कांहींचें सारें राज्य दोन-चार किल्ल्यांचे कडे किंवा एखादें पठार एवढेंच आहे. अशी वनस्पति एका कड्यावरून गेली, तर ती पृथ्वीवरूनच जाण्याच्या वाटेस लागते.

अशा डोंगरावर माणूस काय घेतो, ह्यापेक्षां तो झाडाचा कोणता भाग, कोणत्या वेळीं आणि किती विसांव्यानंतर घेतो, हें पाहणें अधिक महत्त्वाचें आहे. पिकलेलें फळ वेंचलें तर झाडाचें फारसें बिघडत नाहीं. फांदी तोडली तर तें खुंटतें, पण जगतें. कोंवळें फळ घेतलें तर झाडाची संतति जाते. आणि मूळ उपटलें तर झाड व संतति दोन्ही जातात. जुन्या वहिवाटींची परीक्षा ह्या कसोटीवर केली, म्हणजे कोणती निर्दोष, कोणती सदोष आणि कोणती पूर्वीं निर्दोष असून आतां सदोष झाली, हें स्पष्ट होतें.

खंडाळ्याच्या खिडकींतून दिसणारीं तीं खांबांसारखीं झाडें बहुतेक ऐनाचीं असतात, आणि त्यांच्या फांद्या चुलींत गेलेल्या नसून भातशेतींत गेलेल्या असतात. कोंकणांत व मावळांत भाताचें रोप ज्या तुकड्यांत तयार करतात, त्या दाढीची जमीन पावसापूर्वीं भाजण्याची चाल आहे. तिलाच राब म्हणतात. हिंवाळ्यापासून झाडांचे पानांसकट डहाळे तोडून त्यांच्या मोळ्या वाळत ठेवतात. उन्हाळ्यांत दाढीवर शेण किंवा गोवऱ्या, त्यावर डहाळे, त्यावर पालापाचोळा व गवत, आणि सर्वांवर मातीचा पातळ थर अशी रचना करून ती सावकाश जाळतात. वरच्या मातीमुळें आग भडकत नाहीं. ती धुमसत राहते. त्या उष्णतेनें तणाचें बीं मरतें, जमीन भुसभुशीत होते, आणि राखेंतून रोपाला खत मिळतें. पहिल्या पावसाबरोबर पेरलेलें भात तेथें जोमानें उठतें. ज्या प्रदेशांत पाऊस सुरू झाल्यावर तण आणि रोप ह्यांची शर्यत लागते व निंदणीला हात अपुरे पडतात, तेथें ही युक्ति अडाणीपणाची नव्हे, अनुभवाची आहे. नाचणी व वरी ह्यांचीं रोपेंही डोंगरउतारावर अशींच करतात.

राबाचा दोष दुसरीकडे आहे. दाढ ही लावणीच्या शेताच्या सुमारें दशांश असते, पण ती भाजण्यासाठीं लागणारा पाला पुष्कळ विस्तृत रानांतून यावा लागतो. लोकसंख्या विरळ असतांना एकदां छाटलेल्या झाडाला दोन-तीन वर्षांचा विसांवा मिळे. शेती वाढली, रान आटलें, आणि तेंच झाड दरवर्षीं छाटलें जाऊं लागलें. ऐन मोठा चिवट. तो मरत नाहीं. परंतु दरवर्षीं फांद्या गमावणाऱ्या झाडाला मोहोर येत नाहीं, मोहोर नाहीं म्हणून बीं नाहीं, आणि बीं नाहीं म्हणून त्याच्या पायाशीं रोप नाहीं. झाडें उभीं असल्यामुळें डोंगर भरलेला दिसतो. पण तीं झाडें निर्वंश झालेलीं असतात. तीं वठलीं कीं त्यांची जागा घेण्यास कोणी नसतें. डोंगराची ही हानि डोळ्यांना उशिरा दिसते, म्हणूनच ती अधिक घातक होय.

राबाला पर्याय नाहीं असें मात्र नाहीं. कोंकणांत प्रचार झालेली भाताची ‘चारसूत्री’ पद्धति ह्या दृष्टीनें लक्षांत घेण्यासारखी आहे. तिच्या पहिल्या सूत्रांत भाताच्या तुसाची राख दाढींत मिसळावयाची असते, आणि दुसऱ्यांत बांधावर लावलेल्या गिरिपुष्पाचा पाला शेतांत गाडावयाचा असतो. म्हणजे राख घरच्या भातांतून येते व पाला स्वतःच्या बांधावरून. रानांतल्या ऐनावर हात टाकावा लागत नाहीं. शेतकऱ्याला केवळ ‘राब सोडा’ असें सांगून भागत नाहीं. राब जें काम करीत होता तें दुसऱ्या कोणत्या साधनानें होईल, हें त्याला दाखवावें लागतें.

वेळेचें महत्त्व कारवीच्या उदाहरणानें उत्तम कळतें. घाटांतल्या उतारांवर दाट माजणारें हें झुडूप कित्येक वर्षें नुसतें वाढत राहतें, आणि सात-आठ वर्षांनीं एकदां सारा डोंगर जांभळा करून टाकतें. मुंबईलगतच्या डोंगरांत २००८ व २०१६ सालीं असा बहर आला होता. त्यानंतर झाडाला बोंडें धरतात, तीं वाळून उकलतात, बीं सर्वत्र उधळलें जातें, आणि फुललेली सारी कारवी एकदमच वाळते. पुढच्या पावसांत त्या जागीं रोपांची लव उठते. तिच्या सरळ काठ्या विणून, त्यांवर शेणमातीचा गिलावा देऊन घराचे कूड करण्याची रीत सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना पूर्वापार आहे. बीं पडून गेल्यावर वाळलेल्या काठ्या तोडल्या, तर झाडाचें कांहींच जात नाहीं. उलट माणसाचें घर उभें राहतें. त्याच काठ्या बहराच्या आदल्या वर्षीं सरसकट तोडल्या, तर त्या उतारावर आठ वर्षांची पुंजी एका दिवसांत बुडते, आणि पुढच्या पावसाळ्यांत उताराची माती धरावयास रोपें राहत नाहींत. काठ्या तेवढ्याच, माणसें तींच, कोयताही तोच. फरक केवळ एका वर्षाचा. कारवीचा फेरा ज्यांच्या तोंडीं आहे त्यांना हें शिकवावें लागत नाहीं. बाहेरच्या गिऱ्हाइकाला मात्र असा फेरा ठाऊक नसतो.

हिरड्याची गोष्ट शहरांतील प्रत्येक घराशीं निगडित आहे. तान्ह्या मुलाच्या गुटींत सहाणेवर उगाळला जाणारा बाळहिरडा आणि त्रिफळाचूर्णांतील हिरडा हे एकाच झाडाचे. पुणें जिल्ह्यांतील जुन्नर, आंबेगांव व खेड तालुक्यांच्या पश्चिम भागांत महादेव कोळी लोकांच्या संसाराला हिरड्याचा मोठा आधार आहे. हिरड्याचे पैसे हेंच तेथें कित्येक घरांचें रोकड उत्पन्न. बाळहिरडा म्हणजे हिरड्याचें अपक्व फळ. आंत आठी धरण्यापूर्वींच तें झाडून, वाळवून विकतात. आणि पक्व हिरड्यापेक्षां त्याला भाव अधिक मिळतो. त्यामुळें बहुतेक सारें फळ कोंवळेपणींच उतरतें. झाडाला इजा होत नाहीं, त्याची छाया जात नाहीं, मालकाला पैसे मिळतात; वरवर पाहतां ह्यापेक्षां निरुपद्रवी धंदा कोणता असूं शकेल? परंतु पिकून खालीं पडणारें फळच उरलें नाहीं, तर नवा हिरडा कोठून येणार? येथेंही जुनीं झाडें दिमाखानें उभीं दिसतात आणि त्यांच्याखालीं रोपें विरळ होत जातात. उपाय अवघड नाहीं : प्रत्येक रानांत कांहीं जोमदार झाडें फळ पिकण्यासाठीं राखणें, आणि रोपें करून तीं लावणें. पण गरजू माणसानें आज हातचे पैसे झाडावर सोडावे अशी अपेक्षा असेल, तर त्या त्यागाची थोडी भरपाई भावांतून त्याला मिळाली पाहिजे; कारण बाळहिरड्याचा उपभोग घेणारीं घरें बहुतेक शहरांतलीं आहेत.

फळाऐवजीं मूळ हातीं धरलें म्हणजे काय होतें, तें नरक्यानें दाखविलें. घाटमाथ्यावरील सदाहरित रानांतलें हें लहान झाड. त्याच्या दुर्गंधामुळें त्याला हें नांव पडलें, आणि त्या दुर्गंधामुळेंच गांवकरी त्याच्या वाटेस फारसे जात नसत. १९६६ सालीं वॉल व वाणी ह्या शास्त्रज्ञांनीं अमेरिकेंत एका चिनी झाडापासून कॅम्पटोथेसिन नांवाचें द्रव्य वेगळें केलें. कर्करोगाच्या पेशींची वाढ थोंपविण्याचा गुण त्याच्या अंगीं आढळला. १९७२ सालीं गोविंदाचारी व विश्वनाथन ह्या भारतीय रसायनज्ञांना तेंच द्रव्य सह्याद्रींतील नरक्यांत सांपडलें. पुढें त्यापासून बनविलेल्या औषधांना १९९६ च्या सुमारास अमेरिकेंत मान्यता मिळाली, आणि ज्या झाडाला कोणी विचारीत नव्हतें त्याला एकाएकीं परदेशचें गिऱ्हाईक आलें. द्रव्य खोडांत तसेंच मुळांतही असल्यामुळें झाड नुसतें तोडलें जात नव्हतें, तर मुळांसकट उपटलें जात होतें. तोडणाऱ्या मजुराला दिवसाची मजुरी मिळाली. तो काय तोडतो आहे आणि तें कोठें जातें आहे, ह्याची त्याला पुष्कळदां कल्पनाही नव्हती. वनखात्यानें चोरट्या तोडीचे साठे पकडले. पण पकडलेला साठा म्हणजे उपटून झालेलीं झाडें. ह्या उदाहरणांत गांवचा जुना उपयोग मुळीं नव्हताच. डोंगराबाहेरची मागणी, डोंगरांतलें दारिद्र्य आणि मध्यें उभा असलेला दलाल ह्या तिघांच्या संगनमतानें एक वनस्पति संकटांत आली. ज्या औषधानें रोग्याचे प्राण वांचतात त्याचें झाड नामशेष होऊं देणें हें रोग्याच्याही हिताचें नव्हे. म्हणून रानांतली तोड थांबवून लागवडीचें लांकूडच औषधाकडे वळविणें हाच मार्ग उरतो.

झाडांकडे सर्वांचें लक्ष जातें. डोंगराची लहान वनस्पति मात्र दुर्लक्षित राहते. शिवनेरीच्या कड्याच्या कपारींत शिंदळ माकुडी नांवाची एक मांसल खोडाची, गडद तांबड्या तारकेसारख्या फुलाची वनस्पति वाढते. एकोणिसाव्या शतकांत डालझेल नांवाच्या वनाधिकाऱ्यानें तिची शास्त्रांत नोंद केली आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर ह्यांचें नांव तिला दिलें. महाराष्ट्राबाहेर ती आढळत नाहीं, आणि महाराष्ट्रांतही मोजक्याच ठिकाणीं आहे. जगांतील अत्यंत संकटग्रस्त अशा बारा वनस्पतींच्या यादींत एके काळीं तिची गणना झाली होती. तिचें रसाळ खोड गुरें खातात व माणसेंही खातात. म्हणून जेथें खूर व हात पोंचत नाहींत अशा कपारींतच ती सुरक्षित राहते. कंदीलपुष्पाच्या जातींचें दैव असेंच आहे. त्यांचे कंद खाण्याजोगे असल्यामुळें गुराखी मुलें ते खणून खातात, आणि रानडुकरेंही उकरतात. मूठभर जागेंत वाढणाऱ्या जातीला असें थोडें नुकसानही जड जातें. सुदैवानें शिंदळ माकुडी फांदीपासून सहज लागते, आणि कंदीलपुष्पाच्या अनेक दुर्मिळ जातींचीं रोपें कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठांतील वनस्पतिशास्त्रज्ञांनीं बागेंत वाढवून पुन्हां रानांत नेऊन लावलीं आहेत. अर्थात् बागेंत वांचविलेली वनस्पति म्हणजे पेटींत ठेवलेला दागिना. तिचें खरें घर डोंगरावरच.

चराई आणि वणवा ह्या दोहोंना एकाच मापानें मोजण्याची चूक नेहमीं होते. उन्हाळ्यांत डोंगर पेटविला म्हणजे पावसांत गवत जोमानें येतें, असा समज गांवोगांवीं आहे. राखेमुळें पहिला कोंब लौकर हिरवा दिसतो हें खरें. पण त्या आगींत जमिनीवर पडलेलें बीं आणि वर्ष-दोन वर्षांचीं रोपें जळतात, पालापाचोळा जातो, व उघडी झालेली माती पहिल्याच धो धो पावसांत ओढ्याला मिळते. मुळांपासून फुटणारें राठ गवत तेवढें तरतें. वणव्याच्या बाजूनें बोलण्यासारखें फार थोडें आहे.

चराईचें तसें नाहीं. साताऱ्याजवळील कासचें पठार ह्याचा दाखला देतें. जांभ्याचा सुमारें दहा चौरस किलोमीटरांचा हा सडा, समुद्रसपाटीपासून ४,००० फुटांच्या आसपास उंच. मातीचा थर बोटभर, आणि त्यांत सपुष्प वनस्पतींच्या आठशेंहून अधिक जाती. भाद्रपदांत सीतेची आसवें, गेंद, तेरडा, किडे पकडणारा दवबिंदू आणि डबक्यांतला वायतुरा ह्यांनीं तो भरून जातो. टोपली कारवी तेथें कांहीं वर्षांच्या फेऱ्यानें फुलते. २०१२ सालीं युनेस्कोनें पश्चिम घाटांतील ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत महाराष्ट्रांतील कास, कोयना, चांदोली व राधानगरी हीं चार आहेत. प्रसिद्धीबरोबर प्रवाशांचे थवे आले, फुलें पायांखालीं तुडविलीं जाऊं लागलीं, आणि फुलांच्या रक्षणासाठीं कांहीं भागाला जाळीचें कुंपण घालून तेथील चराई बंद करण्यांत आली. पुढें त्या कुंपणालाच अभ्यासकांनीं हरकत घेतली. वीतभरही उंच न होणारीं हीं फुलें मोकळ्या उन्हांत वाढतात. पिढ्यान् पिढ्या गुरें तेथील गवत खात आल्यामुळें उंच गवताला आळा बसत असे. गुरें गेलीं कीं गवत माजतें आणि फुलांवर छाया धरतें, असें त्यांचें म्हणणें होतें. म्हणजे एकाच डोंगरावर कपारींतल्या शिंदळ माकुडीला गुरांपासून दूर ठेवावें लागतें, आणि सड्यावरच्या फुलांना थोडीं गुरें हवीं असतात. सर्व डोंगराला एकच नियम लावून संरक्षण होत नाहीं. जागा पाहून, वनस्पति पाहून आणि तेथील वहिवाट पाहून नियम करावा लागतो.

असे नियम पूर्वीं होते काय? होते, आणि त्यांतला सर्वांत जुना देवराईच्या रूपानें अजून उभा आहे. वाघजाई, काळकाई, शिरकाई, भैरोबा अशा देवतांच्या नांवें राखलेल्या ह्या रानांत कुऱ्हाड चालत नाहीं; कोठें कोठें पडलेलें लांकूडही उचलीत नाहींत. सन १९७० नंतरच्या दशकांत पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ ह्यांनीं देवरायांचा पायीं फिरून अभ्यास केला, तेव्हां आसपासच्या उघड्या डोंगरांवरून नाहींशा झालेल्या जाती, प्रचंड गारंबीच्या वेलींसारख्या, त्यांना येथें सुरक्षित आढळल्या. महाराष्ट्रांत अशा दोन हजारांहून अधिक देवरायांची नोंद झालेली आहे. कित्येकींच्या पोटांतून बारमाही झरा निघतो, आणि तेंच गांवाचें पाणी.

देवराई म्हणजे केवळ भीति असें समजूं नये. देवळाचें आढें मोडलें किंवा गांवावर मोठें संकट आलें, तर देवाचा कौल घेऊन लांकूड काढण्याची चाल कोंकणांत आहे. मावळांतील आजिवली येथें वाघजाईच्या राईंत भेरली माड जोपासले गेले आणि त्यांचा रसही काढला जात असे. म्हणजे ‘कांहींच घेऊं नये’ असा हा नियम नसून ‘गांवानें ठरविल्याशिवाय घेऊं नये’ असा आहे. राज्यकर्त्यांसही हें तत्त्व ठाऊक होतें. इ. स. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनीं लिहिलेल्या आज्ञापत्रांत आरमारासाठीं सागाचें लांकूड परवानगीनें तोडावें, पण रयतेनें लेंकराप्रमाणें वाढविलेल्या आंब्या-फणसांना हात लावूं नये. एखादें झाड फारच जीर्ण झालें असेल, तर धन्याला राजी करून व द्रव्य देऊन तें घ्यावें, असें बजावलें आहे.

ह्या व्यवस्थेला तडा कोठें गेला, हें पाहिलें म्हणजे आरंभीच्या प्रश्नाचें उत्तर मिळूं लागतें. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी सुरू झाली. रुळांखालच्या स्लीपरांसाठीं, शहरांच्या बांधकामांसाठीं आणि पुढें दोन्ही महायुद्धांच्या गरजांसाठीं लांकूड हवें होतें. १८७८ च्या जंगल कायद्यानें विस्तीर्ण रानें राखीव झालीं, आणि गांवाचा जो हक्क होता ती सरकारची मेहेरबानी झाली. महात्मा फुल्यांनीं १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या पुस्तकांत जंगलखात्यानें गरीब शेतकऱ्यांच्या शेळ्यामेंढ्यांना चरावयास जागा ठेवली नाहीं, अशी तक्रार कडक शब्दांत मांडली आहे. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत राबाच्या पाल्यावरून इतका असंतोष माजला कीं १८८५ सालीं मुंबई सरकारला चौकशीसाठीं कमिशन नेमावें लागलें. रान राखण्यासाठीं कायदा आवश्यक नव्हता असें कोणी म्हणणार नाहीं. पण जें रान उद्यां आपलें राहील कीं नाहीं ह्याची शाश्वति नाहीं, तेथें माणूस विसांव्याचा विचार करीत नाहीं; आज मिळेल तें घेतो. जें सर्वांचें होतें तें सरकारचें झालें, आणि जें सरकारचें तें कोणाचेंच नाहीं, अशी भावना रुजली.

खासगी डोंगरही ह्या प्रवाहांतून सुटले नाहींत. पानशेतच्या खोऱ्यांत धरणाच्या पाण्याखालीं सखल शेती गेली, तेव्हां उरलेले शेतकरी चढावर सरकले. धरणासाठीं झालेल्या रस्त्यानें कोळशाचे व्यापारी आले, आणि हातीं पैसा नसलेल्या लोकांनीं आपलीं जुनीं झाडें कवडीमोलानें विकलीं, असें गाडगीळांनीं नोंदविलें आहे. त्या कोळशानें शहरांतल्या शेगड्या पेटल्या. कोयता गांवकऱ्याच्या हातांत होता. भूक दोघांची होती, त्याची पोटाची आणि शहराची सोईची.

अलीकडे चक्र थोडें उलट फिरूं लागलें आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना गौण वनोपजावर मालकी दिली, आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानें सामूहिक वनाचें रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार गांवाला मान्य केला. कास येथें आसपासच्या गांवांच्या समित्या प्रवाशांकडून शुल्क घेऊन पठाराची राखण करतात. अधिकार मिळाला म्हणजे शहाणपण आपोआप येतें असें नाहीं. देवळाचा जीर्णोद्धार म्हणून सिमेंटचें मोठें देऊळ बांधण्यासाठीं देवराईच तोडल्याचीं उदाहरणें आहेत, आणि जमिनीला भाव आल्यावर डोंगर विकून मोकळे झालेले मालकही आहेत. तरीही जो माणूस त्या उतारावर राहणार आहे, त्याच्या हातीं नियम करण्याचें सामर्थ्य आणि नियम पाळण्याचा लाभ दोन्ही असल्यावांचून कोणतेंही रान टिकलेलें नाहीं. पहाऱ्यानें झाड कांहीं काळ वांचतें. झाडाखालचें रोप वांचण्यास शेजार लागतो.

ह्या शेजारांत शहराचाही वांटा आहे. हिरडा विकत घेतांना दोन पैसे अधिक देण्याची तयारी, रानांतून उपटलेलें मूळ औषधाच्या दुकानांत न खपविण्याचा आग्रह, पठारावर पाऊलवाट न सोडण्याचा संयम, आणि डोंगरउतार सपाट करून उभारलेल्या बंगल्याचा मोह आंवरणें, ह्या गोष्टी कायद्याची वाट न पाहतां करतां येण्यासारख्या आहेत. घाटांतून जातांना छाटलेल्या ऐनाचे खांब दिसले, म्हणजे त्यांच्यामागें एका भाताच्या खाचराचा आणि एका घराच्या वर्षभराच्या अन्नाचा हिशेब आहे, हें ध्यानांत ठेवावें. आणि त्या ऐनाच्या पायाशीं एखादें रोप आहे कीं नाहीं, तेंही पाहावें. रोप असेल, तर तो डोंगर व त्यावरचा संसार दोन्ही चालू आहेत. तें नसेल, तर छाटलेलें झाड कितीही वर्षें उभें राहो, दोघांच्याही शेवटाची सुरवात झालेली आहे.